चार बोटं खाली

५ मार्च

चिंगे,

आशीर्वाद. वाकू नकोस. दिवसभर दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीपाशी उभी राहून तुझी पाठ आधीच धरलेली असणार.

पत्र बघून कपाळाला आठी घालू नकोस. फोन करायचा तर मला मागच्या खडकावर चढावं लागतं आणि तिथं पोचेपर्यंत तुला नुसता माझा दमच ऐकू जातो. शिवाय फोनवर तू ‘सगळं ठीक’ म्हणतेस आणि ठेवून देतेस. कागदावर निदान चार ओळी तरी भराव्या लागतात.

पोरांच्या सुट्ट्या तोंडावर आल्या. सायकली भिंतीवरून उतरवल्या, साखळ्यांना तेल घातलं. माझ्या गुडघ्यांनाही घातलं असतं, पण तेल घालायचं भोक सापडत नाही. शेवटची खोली नेहमीसारखी तुमची.

आता दोऱ्या पाठव. नियम तुला पाठ आहे, तरी लिहितो, कारण दरवर्षी कुणीतरी घोळ घालतंच. अनवाणी, भिंतीला टाचा लावून ताठ उभं राहायचं, जांघेपासून जमिनीपर्यंत दोरी धरायची आणि कापायची. त्या मापानं मी तुम्ही यायच्या आधीच सीटा लावून ठेवतो. आकडे कळवायचे नाहीत. आकडा सांगताना माणूस स्वतःला उंच करून घेतो, दोरीला तेवढी अक्कल नसते. आणि दोऱ्या नव्या हव्यात. जुन्या मी सीटा लावून झाल्या की टोमॅटोच्या झाडांना बांधतो.

काल यंदाचं पहिलं कुटुंब आलं. नवरा उजाडायच्या आत सगळ्यांना हलवून उठवत होता, “अरे, आराम करायला आलोय ना आपण? मग उठा की लवकर!” बायको पांघरुणातून म्हणाली, “माझ्या वाटचा तुम्हीच करून या.” नंतर उताराच्या तोंडाशी तीच बाई. मी तिथं मोठ्ठी पाटी लावलीय, ‘उतरणाऱ्याला मागून हाक मारू नये.’ पाटीला टेकूनच ओरडली, “अरे जपून!” पोरगं ‘काय?’ म्हणून मागं वळलं आणि सरळ झुडपात. खरचटलं नाही, पण झुडपाची फांदी मोडली.

तू यंदा तरी नदीकाठची सपाट वाट सोडून वर ये. भावाचा डोंगर आणि बहीण दरवर्षी खालीच पाण्यात पाय सोडून बसलेली. मेहुण्यांना सांग, तुमची निळी सायकल कुणाला दिलेली नाही. गिऱ्हाईक मागतं, मी पंक्चर आहे म्हणून सांगतो.

दादा


१९ मार्च

दादा,

नमस्कार. वाकले असं समज.

दोऱ्या पाठवते आहे. एक गाठ यांची, दोन माझी, तीन थोरलीची, चार गुंड्याची. गुंड्यानं माप देताना टाचा उचलल्या होत्या, मी दाबून खाली केल्या. थोरलीनं स्वतःची स्वतःच कापली. पंधरा वर्षांच्या मुलीला हात लावायला हल्ली परवानगी लागते.

आमचं ठीक आहे. दवाखान्यात गर्दी असते. दिवसभर ‘आ करा, चूळ भरा’ म्हणून म्हणून परवा जेवताना गुंड्यालाही चूळ भरा म्हणाले. यांचंही ठीक. उन्हाळ्यात लिफ्टची दुरुस्ती वाढते, तुला माहीतच आहे. सुट्टीचं नक्की कळवीन. नाही जमलं तर आमच्यासाठी खोली अडवून ठेवू नकोस.

चिंगी


३१ मार्च

चिंगे,

दोऱ्या पोचल्या. गुंड्या चांगलाच ताडमाड होतोय. मधली सायकल त्याला आता पुरायची नाही. थोरलीचं माप तुझ्या पुढं गेलं, तेव्हा आता घरात वर मान करून बोलायची सवय कर.

पण एका गाठीची दोरी बघून मी शेडमध्ये एकटाच हसलो. निळ्या सायकलची सीट गेल्या वर्षीच्या जागी तशीच आहे, म्हणून ताडून पाहिलं. मेहुण्यांचे पाय वर्षभरात अर्ध्या वितीहून जास्त वाढलेत! या वयात माणसाचं पोट वाढतं, चष्म्याचा नंबर वाढतो. पाय वाढलेले मी ऐकले नाहीत. लिफ्टच्या दोरखंडाला लोंबकळून ताणले गेले की काय? लेकानं टाचा उचलायचं कुणाकडून उचललं ते कळलं. पठ्ठ्याला पुन्हा भिंतीशी ताठ उभा कर आणि नवी दोरी धाड.

आणि ‘नाही जमलं तर’ म्हणजे काय? न जमायला काय झालं?

दादा


२२ एप्रिल

चिंगे,

तीन आठवडे झाले, तुझं पत्र नाही.

दोनदा खडकावर चढून फोन केला. दोन्ही वेळा थोरलीनं उचलला. एकदा संध्याकाळी, “आई अजून यायचीय, बाबा झोपलेत.” दुसऱ्यांदा मुद्दाम सुट्टीच्या दिवशी भर दुपारी, तेव्हाही बाबा झोपलेत. पोरीचा आवाज पाठ केल्यासारखा होता.

गेल्या आठवड्यात एक बाई आली. तिच्या पोराला सायकलवर बसवलं तर पाय हवेत. दोरी पुन्हा तपासली, सीट बरोबर दोरीबरहुकूम. बाई म्हणाली, “अहो, हा एका जागी उभा राहीना, मग झोपल्यावर मापलं.” ती मंडळी वर गेल्यावर मी शेडमधल्या बाकावर आडवा झालो आणि माझं स्वतःचं माप घेतलं. उभ्याच्या मापापेक्षा अर्ध्या वितीहून जास्त भरलं. आडव्या माणसाची टाच जमिनीला लागलेली नसते, चिंगे. पावलं पुढं कलंडतात, दोरी बोटांपर्यंत जाते.

आणि मी त्यावर थट्टा करून बसलो होतो.

मेहुणे कधीपासून पडून आहेत? झाकून लिहिलंस तर मी पुढच्या गाडीनं दारात येऊन उभा राहीन, आणि माझं घोरणं तुला माहीत आहे.

दादा


२८ एप्रिल

दादा,

तुझं पत्र दवाखान्याच्या पत्त्यावर आलं ते बरं झालं. तिथं बाथरूमला आतून कडी आहे.

थंडी सरता सरता सुरू झालं. एक दिवस कामावरून आले, पान्यांची पिशवी दाराशी ठेवली, बूट काढायला बसले. एक काढला. मी स्वयंपाक आवरून बाहेर आले तरी दुसरा पायातच. म्हटलं, “अहो, काय झालं?” म्हणाले, “काही नाही, थकलोय.” दुसऱ्या दिवशी गेले आणि दुपारीच परत आले. मग जाणंच थांबलं. कामावर कुणाशी भांडण नाही, कसली तक्रार नाही. काही झालंच नाही दादा. काही झालं असतं तर त्याला धरून बोलता तरी आलं असतं.

सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या. मग दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं. ते गोळ्या देतात, म्हणतात वेळ लागेल, ओढून उठवू नका. थोरले दीर फोनवर म्हणतात, “उठून बसायला काय लागतं?” मी त्यांना काय सांगू काय लागतं ते? कामावरचे अजून थांबलेत. लोकांना दिवसभर वर-खाली नेणारा माणूस आहे, त्यांनाही अडतं. पण किती थांबणार?

गुंड्या शाळेतून आला की यांच्या पाठीशी बसून दिवसभराचं सगळं सांगतो. पाठीलाच सांगतो. कधी कधी हे ‘हं’ म्हणतात. त्या ‘हं’वर पोरगं दिवस काढतं. थोरलीनं एकदाच विचारलं, “आई, बाबा असेच राहणार का आता?” मी म्हटलं, कांदा चिर.

दोरीचं सांगते. न पाठवावी तर तू विचारलं असतंस. दुपारी झोपलेत असं बघून चादरीवरूनच माप धरलं. दोरी कापली, तर भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “माझी नको पाठवूस.” जागेच होते. मी तरी पाठवली. का, ते विचारू नकोस.

मी थकले आहे. राग नाही येत त्यांचा. हेवा वाटतो. मलाही आडवं व्हावंसं वाटतं रे, पण घरात पडायची जागा एकानं आधीच धरलीय.

चिंगी


४ मे

मेहुणेबुवा,

नमस्कार. बऱ्याच दिवसांत गाठ नाही.

एका अडचणीपायी लिहितो आहे. खालच्या रस्त्यापासून खोल्यांपर्यंत सामान ओढून आणणारा मोटारीचा पाळणा आहे ना, तो यंदा फार कुरकुरतोय. इथल्या मिस्त्रीनं तेल पाजून पाहिलं, उपयोग नाही. लिफ्टमधला जाणकार घरातलाच असताना परक्याच्या हाती मोटार कशाला द्यायची? तुम्ही येऊन एकदा बघाल तर बरं होईल.

शिवाय डोंगरावरचं तुमचं काम पडून आहे. चढाला सीट उंच लागते, उताराला चार बोटं खाली घ्यावी लागते, हे मी मंडळींना इथून निघताना घसा फोडून सांगतो. वर पोचेपर्यंत सगळे विसरतात. गेल्या उन्हाळ्यात तुम्ही वर उभं राहून एकेकाची सीट खाली करून दिली नसतीत, तर निम्मे जण तोंडावर खाली आले असते. यंदा कोण करणार?

तेव्हा सगळ्यांना घेऊन याच.

आपला,
दादा


११ मे

दादांस,

नमस्कार. उत्तराला उशीर झाला. पेन दुसऱ्या खोलीत असतं.

पाळणा कुरकुरत नाही. कुरकुरत असता तर कप्पी कुरकुरते, की दोरखंड, की मोटार, ते तुम्ही लिहिलं असतंत. तुमचे कान मला माहीत आहेत. मागच्या वर्षी समोरून येणाऱ्या बाईच्या सायकलचा कुठला दात झिजलाय ते तुम्ही न बघता सांगितलं होतंत. तुम्ही नुसतं ‘कुरकुरतोय’ लिहिलंत तेव्हाच कळलं.

राग नाही. सगळे मला उठवायला बघतात, त्यात तुमची तऱ्हा बरी.

मला उठायचं नाही असं नाही. रोज सकाळी ठरवतो. फक्त पाय खाली सोडायचे. मग वाटतं, सोडले तर पुढं चालावंही लागेल, बोलावं लागेल, कुणीतरी खूश होईल, आणि उद्या पुन्हा तेच करावं लागेल. तेवढ्या विचारानंच दमतो.

गुंड्याला उतार शिकवीन असं कबूल केलं होतं. त्याला न्या. थोरलीला न्या. हिलाही न्या. दातांच्या दवाखान्यात काम करणारी बाई रात्री झोपेत दात खाते हल्ली. मला इथंच राहू द्या.


१५ मे

मेहुणेबुवा,

पकडलंत. पाळणा लोण्यासारखा चालतोय. मी पंक्चरच्या टपरीपासून इथवर आलो ते गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंडाळून. तुम्ही पहिले, जे गुंडाळले गेला नाहीत.

आता सरळ बोलतो. उठू नका. इथं येऊन पडा.

शेवटच्या खोलीत खाट आहे, पंखा आहे, भिंतही आहे. तोंड तिकडं करा. हवा किती छान आहे असं कुणी येऊन म्हणणार नाही, तशी ताकीद देऊन ठेवतो. सायकलचं नाव मी काढणार नाही. इथं आराम करायला येणारी माणसं मी आयुष्यभर बघतोय. सकाळी धावत वर, दुपारी धावत खाली, संध्याकाळी धापा टाकत विचारतात, अजून काय बघायचं राहिलं? आल्यावर सरळ आडवा झालेला एकही बघितला नाही. एकदा बघू द्या.

तुम्ही म्हणता हिला न्या. तुम्हाला सोडून ती यायची नाही, हे तुम्हाला माझ्याइतकंच माहीत आहे. पडायचंच तर तिथं काय आणि इथं काय. फरक एवढाच, की तुम्ही इथं पडलात तर ती नदीत पाय सोडून बसेल.

न्यायला मी स्वतः गाडी घेऊन येतो. मागची सीट पूर्ण आडवी होते. चढलात की थेट इथंच डोळे उघडा. ‘हो’ म्हणायलाही पेन शोधू नका. चिंगीला ‘हं’ म्हणालात तरी चालेल.

दादा


७ जून

चिंगे,

पोचल्याचा थोरलीचा निरोप मिळाला. तुम्ही ड्रायव्हरबरोबर गेलात आणि त्याच दुपारी दोन कुटुंबं येऊन धडकली, म्हणून लिहायला आज सवड.

खरं सांगू? मी हरलो. मेहुण्यांना लिहिलं होतं पडायला या, आणि मनात मात्र लबाडी होती. वाटलं होतं, पोरांचा आरडाओरडा, उतारावरून येणाऱ्या सायकलींचा खडखडाट, ओल्या मातीचा वास, यातलं काहीतरी आत शिरेल आणि एक दिवस तरी दार उघडून पायरीवर येऊन बसतील. ताट आत नेत होतो, अर्धं भरलेलं परत आणत होतो. खिडकी उघडी, तोंड भिंतीकडे. शब्दाला जागलो, सायकलचं नाव काढलं नाही. पण निळी गेल्या वर्षीच्या मापाला लावून रोज पुसत होतो. रोज कान त्या दाराकडे. आता शेडमध्ये गेलो तरी त्या कोपऱ्याकडे बघत नाही, धीर होत नाही.

गुंड्याला उतार मीच शिकवला. गुडघे अजून बोलतायत. थोरली खूप हसली एक दिवस, ऐकलंस का? आणि तू नदीकाठी दगडाला टेकून चक्क झोपलीस. तेवढीच कमाई धरतो.

तुला आशा लावून बोलावलं आणि तशीच परत पाठवली. माफ कर.

दादा


१५ जून

दादा,

नमस्कार. आज खरंच वाकले, खाली पडलेली बांगडी उचलायला, तोच तुला.

तू हरलास वगैरे लिहू नकोस. एक गोष्ट तुला सांगायची राहिली. निघताना गाडीत हे होते, पोरं होती, म्हणून बोलले नाही.

निघायच्या दिवशी सकाळी तुम्ही सगळे खाली रस्त्यावर पाळण्यातलं सामान गाडीत चढवत होतात. मी यांना उठवायला खोलीत गेले, तर खाट रिकामी. बाथरूममध्ये नाहीत. पायरीवर नाहीत. दादा, तुझा डोंगर मला किती उंच वाटला म्हणून सांगू. त्या घटकेला मनात काय आलं ते लिहीत नाही. तू ओळखशील. मी अनवाणीच धावले, आधी नदीकडे, मग मागं वळून शेडकडे.

शेडमध्ये होते. पंक्चरच्या पाण्याचं ते घमेलं आहे ना तुझं, ते पालथं घालून त्याच्यावर बसले होते, निळ्या सायकलसमोर. मी दाराबाहेरच थांबले. हाक ओठांवर आली होती, कशी कोण जाणे, गिळली. बराच वेळ नुसते बघत बसले. मग उठले, सीटची खिट्टी सोडली, तळहातानं सीट खाली दाबली, बोटं लावून मापली आणि खिट्टी घट्ट केली. हात पँटला पुसले. बाहेर आले तर समोर मी. म्हणाले, “गुंड्याच्या सायकलचा मागचा ब्रेक घासतोय, तुझ्या भावाला सांग.” आणि जाऊन गाडीत मागं आडवे झाले.

इथं आल्यापासून तसंच आहे. पडूनच असतात. परवा गुंड्याला एकदा ‘मग पुढं काय झालं?’ म्हणाले, एवढंच नवीन.

पण सीटचं माझ्या डोक्यातून जात नाही. तू त्यांच्याच मापाला लावली होतीस, मग खाली का केली? पाय पोचणार नाहीत असं वाटलं असेल का त्यांना? माणूस आतून खचतो म्हणतात. उंचीनंही खचल्यासारखा वाटतो का स्वतःला? हे मनात आलं की मला रडू येतं, म्हणून तुला सांगायचं टाळत होते.

चिंगी


२१ जून

चिंगे,

आशीर्वाद. पत्र वाचलं आणि हातातलं गिऱ्हाईक तसंच उभं ठेवून शेडच्या कोपऱ्यात गेलो. निळीची सीट खाली आहे. बोटं लावून पाहिली. बरोबर चार.

तू कधी वर आली नाहीस, म्हणून तुला हे माहीत नाही. चढताना सीट उंच लागते, पायाला जोर मिळतो. माथ्यावर पोचलं की ती चार बोटं खाली घ्यायची. नाहीतर उतारावर माणूस पुढच्या चाकावरून तोंडावर येतो. गेल्या वर्षी मेहुणे माथ्यावर उभे राहून येईल त्याची सीट खाली करून देत होते. त्यांच्या हाताला ती चार बोटं पाठ आहेत. पाय पोचत नाहीत म्हणून केलेलं हे काम नव्हे, तेव्हा रडू नकोस.

सपाट शेडमध्ये बसून, चढाला पाय न लावता, कुणी सीट खाली करून ठेवलेली मी आजवर बघितली नाही. पण हिवाळ्यापासून तो माणूस कुठल्या चढावर होता ते तुला नि मला काय ठाऊक? मला एवढंच कळतं, की ज्याला कुठंच जायचं नाही तो सीटेला हात लावत नाही. ज्यानं खाली केली त्याला उतरायचंय. कधी, ते विचारू नकोस. त्या पाटीवर काय लिहिलंय ते तुला माहीत आहे. शेडच्या दाराशी तू हाक गिळलीस, तेच बरोबर केलंस. घरीही तेवढंच सांभाळ. गोळ्या चालू ठेव, डॉक्टरांना हे सीटचं सांग, आणि दिरांचा फोन आला तर माझा नंबर दे. मी खडकावर चढून त्यांच्याशी बोलतो.

एक खाट पुरत नसेल तर दुसरी घे आणि सुट्टीच्या दिवशी तूही पड. थोरलीला कांदा चिरता येतो.

निळी तशीच ठेवलीय. धूळ पुसतो, सीटेला हात लावत नाही. पुढच्या वर्षी त्यांची दोरी पाठवू नकोस.

दादा

ता.क. गुंड्याची सायकल दोन दिवस दुसऱ्या पोराला भाड्यानं दिली होती. काल उलटी करून चाक फिरवलं. मागचा ब्रेक खरंच घासतोय, अगदी बारीक, काडी ओढल्यासारखा. आठवडाभर ती सायकल माझ्या पुढून येत-जात होती आणि मला ऐकू आला नाही. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या माणसाला आला.